मोटेची सोंड

लोणावळ्याला माणसं कशाला जातात, हे कुणाला सांगायला नको. आषाढात धुकं पाहायला जातात, वैशाखात मुंबईचा घाम वाळवायला जातात, आणि कोणत्याही ऋतूत गेली तरी येताना चिक्कीचे पुडे घेऊन येतात. आम्ही दोघी, म्हणजे मी आणि माझी पुतणी, गेल्या दिवाळीच्या आधी पंधरा दिवस तिकडे गेलो ते चामडं शोधायला. हे कारण मी शेजारच्या बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी घाईघाईने "चिक्कीही आणणार आहोत हो," अशी पुस्ती जोडली.

पुतणी हाताने चामड्याच्या पिशव्या, पट्टे, पाकिटं शिवते. पुण्यात दोन खोल्यांत तिचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचं, पण यंत्र एकही नाही. एकाच मेणवलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि त्या दोन्ही एकाच भोकातून समोरासमोर जायच्या, असं तिचं शिवणकाम. एक टाका तुटला तरी शेजारचा उसवत नाही, म्हणून खोगीर शिवणारे पूर्वीपासून असेच शिवत आले आहेत. तिच्या गिऱ्हाइकांना हे ऐकायला आवडतं. त्याहून आवडतं ते वस्तूमागचं घरगुती पुराण. तिची सर्वांत खपलेली पिशवी माझ्या आजोबांच्या लांबट चोपडीवरून बेतलेली आहे. चोपडीसारखी दुमडायची, वर वादीचा फेरा द्यायचा आणि खोचायची. आठवणीतून वस्तू करायची, हा तिचा धंदा. आता तिच्या मनात मावळ भरला होता. घाटाखाली उतरण्याआधीचा आपला हा मुलूख, त्यातल्या जुन्या चामडी वस्तू, आणि त्यांवरून नवा संच.

"आत्या, मोट कशी होती गं?" तिने विचारलं.

मी तासभर सांगितलं. तिने पाच चित्रं काढली. पाचही चुकली. तिच्यापुढे आमच्या विहिरीजवळ उभ्या असलेल्या माझ्या वडिलांचा एक जुना फोटो होता, त्यात मोट बाजूला वाळत टाकलेली. वाळत टाकलेल्या मोटेवरून मोट समजत नाही, जसं दोरीवरच्या धोतरावरून माणूस समजत नाही. शेवटी मी म्हटलं, "चल, लोकलची तिकिटं काढ."

पुणे-लोणावळा लोकल ही मावळ पाहायची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगली सोय. चिंचवड मागे पडलं की देहू रोड येतं. तिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, नागपूरच्या धर्मांतराच्या दोन वर्षं आधी. चामड्याच्या शोधात निघालेल्या माणसाने हे स्टेशन झोपेत जाऊ देऊ नये, कारण पुढे सगळा विषय इथेच येऊन थांबणार होता. पण ते मला तेव्हा सुचलं नव्हतं. मी खिडकीतून भाताकडे पाहत होते.

कापणीचे दिवस होते. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत अशी स्टेशनं मागे पडत होती, आणि खाचरांत भाताच्या पेंढ्या आडव्या झाल्या होत्या. आज पुण्याच्या घराघरांत शिजतो तो इंद्रायणी तांदूळ इथल्याच वडगावच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर आला. हा सारा पावसाचा मुलूख. घाटमाथ्यावर लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि पूर्वेला तळेगावपर्यंत येता येता तो झपाट्याने विरळ होतो. पंचवीस-तीस किलोमीटरांत दोन वेगळे देश. पश्चिमेला नुसता भात, पूर्वेला विहिरीवरची बागाईत. मोट होती ती या पूर्वेच्या मावळात, इंद्रायणीच्या काठाकाठाने.

पश्चिमेकडच्या पावसाचं आणि चामड्याचं मात्र हाडवैर. आमच्या लहानपणी मृग लागला की वहाणा पायांतून निघत आणि चुलीवरच्या माळ्यावर जात. त्याआधी त्यांना करंजेल चोळायचं. चार महिने त्या धुरात राहायच्या. धुराने बुरशी लागत नसे आणि करंजेलाच्या कडवट वासाने उंदीर शिवत नसत. माणसं चिखलात अनवाणी, डोक्यावर इरलं नाहीतर घोंगडी. दसऱ्याच्या सुमारास वहाणा खाली आल्या की पाय चांगले पसरलेले असायचे आणि वहाणा आक्रसलेल्या. मग आठ दिवस दोघांचं भांडण. मावळच्या माणसाच्या वहाणा अशा वर्षातून आठच महिने जगत, म्हणून त्या दुप्पट टिकत. पुतणीने हे सगळं वहीत टिपून घेतलं. "चातुर्मास" असं नाव देऊन तिला काळसर, धुरकट रंगाची एक चप्पल करायची आहे. विकली जाईल. चातुर्मासात तिखट-मीठ न सोडणारी माणसंसुद्धा ती घेतील.

मळवलीला उतरून आम्ही भाजे लेणी गाठली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासचं हे काम. चैत्यगृह सगळे पाहतात. मला तिला न्यायचं होतं ते दक्षिण टोकाच्या विहारात. तिथे दाराच्या एका अंगाला चार घोड्यांच्या रथात बसलेला सूर्य आहे आणि दुसऱ्या अंगाला हत्तीवर बसलेला, बहुतेक जण ज्याला इंद्र म्हणतात तो. लोक देवांची ओळख पटवण्यात गुंततात. पुतणी घोड्यांपुढे उकिडवी बसली आणि त्यांच्या अंगावरचा साज पाहू लागली. पट्टा कुठून निघतो, कुठे वळतो, कुठे गाठ पडते! दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाथरवटाने चामडं दगडात किती जाणतेपणाने वाकवलं आहे, हे ती बोटाने हवेत रेघा ओढून मला दाखवत होती. तिथेच एक वाद्य वाजवणारी स्त्री आहे आणि तिच्या तालावर दुसरी नाचते आहे. म्हणजे मावळच्या सर्वांत जुन्या चित्रांत लगाम आहे आणि ताणलेलं कातडं आहे. चामडं कमावणारा मात्र कुठेच नाही.

कार्ल्याला हीच गोष्ट अक्षरांतून कळते. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर आणि भिंतींवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. धेनुकाकट नावाच्या गावाचा एक सुतार आहे, त्याच गावचा एक गंधी आहे, व्यापारी आहेत, यवन आहेत. मोठी लोकशाहीच म्हणा ना! चर्मकाराचं नाव मला त्यांत आढळलं नाही. ते पाहायला पार आंध्रात, अमरावतीच्या स्तूपाकडे जावं लागतं. तिथे विधिक नावाच्या चम्मकाराने आई, बायको, भाऊ, मुलगे, मुली अशा सगळ्या गोतावळ्यासह एक शिलापट दान दिल्याचा लेख आहे. त्या शिळेवर काय कोरलंय? पाण्याने भरलेला पूर्णघट. हे मी पुतणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे त्याने मोटच दिली की!" पोरीची जीभ मोठी चपळ.

कार्ल्याच्या चैत्यगृहाला लागूनच एकवीरा आईचं देऊळ आहे. चैत्रात तिथे कोळ्यांची आणि इतर भक्तांची मोठी रीघ लागते. आम्ही गेलो तेव्हा गर्दी बेताची होती, तरी एक ढोल घुमत होता. चामड्याच्या चपला पायरीशी उतरवायच्या आणि चामड्याचा ढोल थेट देवीच्या पुढ्यात न्यायचा, यातली विसंगती पूर्वी अनेकांनी दाखवली आहे. आता तीही राहिली नाही, कारण हल्ली बऱ्याच ढोलांची पानं प्लास्टिकची असतात. चपलाही प्लास्टिकच्याच. देवीच्या दारात चामडं असं नाहीसं झालं, आणि विसंगती सोडवायचे आपले कष्ट वाचले.

लोणावळ्याबद्दल फार लिहीत नाही. चिक्की घेतली. पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्यांची खोगिरं पाहिली. ती रेक्झिनची होती, आत काथ्या. पुतणीचं तोंड उतरलं. बाजारात एक चर्मकार भेटले, त्यांच्याकडून एक गोष्ट कळली ती मात्र सांगण्याजोगी. त्यांचा खरा हंगाम पावसाळा. शनिवार-रविवारी शहरांतून येणाऱ्यांचे महागडे बूट ओढ्यात शिरले की त्यांचे तळ सुटतात, आणि मंडळी लंगडत त्यांच्या पेटीशी येतात. "गोंदाचा जोडा आणि आमचा पाऊस, यांची पत्रिका जुळत नाही," असं ते म्हणाले. टाके घातलेला जोडा वर्षात एखादाच येतो, तोही म्हाताऱ्या माणसाचा.

मोट मात्र ना भाज्याला सापडली ना लोणावळ्याला. ती सापडली दुसऱ्या दिवशी, परतताना, तळेगावच्या अलीकडे आमच्या जुन्या गावात.

आता मोट म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. विहिरीच्या काठावर दोन खांबांत एक मोठं चाक, त्याच्या खाली थारोळ्याच्या कडेला एक आडवा कणा. चाकावरून जाड नाडा जातो तो मोटेच्या तोंडाच्या कडीला. कण्यावरून बारीक सोंदूर जातो तो सोंडेच्या टोकाला. मोट म्हणजे नुसती बादली नव्हे. तिला खाली हत्तीसारखी चामड्याची सोंड असते. सोंदूर नाड्याहून नेमका इतका आखूड ठेवायचा, की मोट वर येताना सोंड दुमडून मोटेच्या तोंडाबरोबर उभी राहावी. मग पाणी सांडत नाही. बैल धावेवरून उताराने खाली गेले की मोट चाकापर्यंत चढते, सोंड कण्यावरून पुढे ओढली जाते, सरळ होते, आणि भडाभडा सगळं पाणी थारोळ्यात. कुणी हात लावायला नको. मोटकरी नाड्यावर बसलेला असतो, तो गाणं म्हणतो. बैल पाठमोरे धावेवर चढतात, मोट पुन्हा खाली जाते. विजेशिवाय, दाबाच्या बटणाशिवाय, दोन दोरांच्या लांबीतल्या फरकावर चाललेलं हे यंत्र. पुढे पत्र्याच्या मोटा आल्या, तरी पुष्कळांना सोंड चामड्याचीच राहिली. पत्र्याला दुमडता येत नाही ना! मग ऑइल इंजिनं आली, वीज आली, आणि १९७०च्या आगेमागे आमच्या विहिरीवरचं चाक कायमचं थांबलं.

ही एक मोट उभी करायला गावातली किती माणसं लागत! मेलेलं जनावर ओढून न्यायचं ते महारांनी, कातडं कमवायचं ढोरांनी, ते शिवायचं चर्मकारांनी, नाडा वळायचा मातंगांनी. सुताराचं चाक, लोहाराची कडी. कमावण्याची रीत अशी: कातडं चुन्याच्या पाण्यात मुरवून केस काढायचे, आतलं मांस खरवडायचं, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात दिवसच्या दिवस मुरवायचं. एक पद्धत मोठी नवलाची. कातड्याचीच पिशवी शिवून ती उंच टांगायची आणि तिच्यात सालीचा काढा भरायचा. तो काढा कातड्यातून पाझरत खाली येतो, तोच पुन्हा वर ओतायचा. म्हणजे मोट होण्याआधीच कातडं एकदा मोट होऊन बघतं. तो हिरडा सह्याद्रीच्या या रानांतला, महादेव कोळ्यांनी वेचून विकलेला. बारा मावळांतल्या हिरडस मावळाचं नाव घेतलं की मला हटकून तो तुरट वास आठवतो.

आणि या साऱ्यांचा मोबदला? खळ्यावरचं बलुतं. सुगीला पेंढ्या आणि पायल्या. जुनी पद्धत म्हणून आपण तिच्या आठवणी मोठ्या प्रेमाने काढतो. दिवाळी अंकांतून तर हमखास.

आमची मोट शिवणाऱ्या घरचे एक वृद्ध गृहस्थ अजून गावात आहेत, हे मला ठाऊक होतं. ऐंशी पार केलेले. दोन खोल्यांचं सिमेंटचं घर, दारात नातवाची मोटारसायकल. नातू तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात आहे, नात परिचारिका झाली आहे. त्यांच्या वडिलांना गावातली शेंबडी पोरंही एकेरी नावाने हाका मारीत. पुतणी गेली आणि "आजोबा" म्हणून त्यांच्या पाया पडली. ते जरा दचकले. मग त्यांनी आम्हांला खुर्च्या दिल्या आणि आपण पलंगावर बसले.

"मोट?" ते म्हणाले. "ती कशाला पायजे आता? पंप हाय की."

पुतणीने चित्रं पुढे केली. चष्मा लावून त्यांनी एकेक पाहिलं. त्यांना हसू आवरेना. "आगं पोरी, ही सोंड खाली लोंबतीय. अशी मोट वढली तर पाणी समदं परत हिरीतच."

पाचही चित्रांतली चूक एका वाक्यात सांगून झाली. मग ते उठले आणि आतून एक गाठोडं घेऊन आले. रापी, दोन आऱ्या, लाकडी फर्मा, आणि झिजून पातळ झालेला दगड. वडिलांची हत्यारं. रापीची मूठ इतकी वापरलेली, की तिच्यात अंगठ्याची खाच पडलेली. पुतणीने ती हातात घेतली आणि खाचेत आपला अंगठा ठेवून पाहिला. अंगठा खाचेत हरवला.

पुढचा तासभर त्यांनी टाका शिकवला. मोट दोऱ्याने शिवत नसत, कातड्याच्याच वादीने शिवत. कातडं ओलं, वादीही ओली. पाण्यात गेली की वादी फुगते आणि आरीचं भोक आपोआप बुजवते. पाठीचं जाड कातडं बुडाला, मऊ कातडं सोंडेला. टाका सरळ घ्यायचा नाही, तिरका घ्यायचा, म्हणजे सोंड दुमडताना ताण एका टाक्यावर येत नाही. पुतणीने आपल्या दोन सुया काढून दाखवल्या. त्यांनी त्या न्याहाळल्या आणि "बरं हाय," इतकंच म्हटलं. मोठ्या गवयाने शिकाऊ मुलाला मान डोलवावी तसं.

मग तिने विचारलं. आजकालची मुलं विचारतात तसं विचारलं, मनापासून: "आजोबा, ही एवढी कला तुमच्याबरोबर संपणार, याचं तुम्हांला वाईट नाही वाटत?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग बोलले ते माझ्याकडे बघून, तिच्याकडे नव्हे.

"आक्का, तुमाला मोट म्हंजी पाणी आठवतं. आमाला वास आठवतो. साळंत माज्या शेजारी कुनी बसत न्हवतं. मास्तर म्हनायचे, कातड्याच्या वासानं. पर सुट्टीत नदीवर घासून आंगूळ करून गेलो, तरी बी कुनी बसलं न्हाई." आणि नातवाच्या मोटारसायकलकडे बोट करून: "त्येच्या शेजारी बसत्यात. मला कशाला वाईट वाटंल?"

मला आमची विहीर दिसली. त्यांच्या वडिलांनी शिवलेली मोट दिवसभर त्या पाण्यात बुडायची आणि वर यायची. शिवणारा माणूस मात्र थारोळ्यापासून लांब उभा राहायचा आणि कुणीतरी वरून ओतायचं तेव्हा ओंजळीने प्यायचा. ही कुणाची खासगी दुष्टाई नव्हती. सगळ्या गावाची ती रीत होती, आणि रीत म्हणूनच ती कुणाला दिसत नसे. महाडला मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच परिषदेत मेलेली ढोरं ओढणं सोडा, असाही उपदेश होता. पाणी आणि चामडं हे दोन प्रश्न एकाच परिषदेत का आले, हे मला पुस्तकांतून कधी कळलं नव्हतं. त्या पलंगासमोरच्या खुर्चीत बसून ते कळलं.

परतीच्या लोकलमध्ये पुतणी वही उघडेना. "मी हे करूच नये का गं?" एवढंच एकदा म्हणाली.

हा प्रश्न तिचा एकटीचा नाही. २०२५च्या जूनमध्ये मिलानमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने आपल्या फॅशनच्या मेळ्यात कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! झाला हे योग्यच झालं. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार मिळून. शाहू महाराजांनी या धंद्याला हात दिला होता. कंपनीने मग ऋण मान्य केलं, तिची माणसं कोल्हापुरात येऊन गेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाशी आणि कर्नाटकाच्या तशाच महामंडळाशी करार झाला. दोन हजार जोड इथे घडवायचे, किंमत जोडाला आठशे युरोंच्या घरात. ठीक झालं. पण मला राहून राहून वाटतं, की मिलानवाल्यांना आपण जो प्रश्न विचारला तो आपल्या घरच्या माळ्यावर चढून कधी विचारला का? 'आमच्या आजोबांची मोट', 'आमच्या वाड्यातलं खोगीर', 'आमच्या घरचा ढोल' असं आपण किती सहज म्हणतो. वापरणाऱ्याचं नाव राहतं. शिवणाऱ्याचं नाव कार्ल्याच्या खांबावर नाही आणि आमच्या फोटोच्या मागेही नाही.

मुंबईत सुधीर राजभर यांनी याला वेगळं उत्तर दिलं आहे. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा गायींच्या पलीकडे बैलांनाही लागू झाला आणि कातड्याच्या धंद्यातल्या कारागिरांचे हाल झाले. तेव्हा त्यांनी या कारागिरांना घेऊन रबराच्या पुनर्वापरातून पिशव्या आणि आसनं करायला सुरुवात केली. नाव ठेवलं 'चमार स्टुडिओ'. जो शब्द शिवी म्हणून फेकला जातो तोच पाटीवर लावला. त्यांनी तो लावण्यात तेज आहे. माझ्या पुतणीने लावला असता तर तो निव्वळ आगाऊपणा झाला असता. कुणाच्या हातात काय शोभतं, हेही शेवटी ज्याचं त्याला कळावं लागतं.

पुतणीला ते कळलं असावं. कारण दिवाळीनंतर ती एकटीच तीनदा गावाला जाऊन आली. पहिल्यांदा गेली ती विचारायला: हा टाका मी वापरला तर चालेल का? गृहस्थांनी आधी मजुरीचं विचारलं. शिकवण्याचा रोज किती? हा प्रश्न मला फार आवडला. बलुत्याच्या पायल्यांवर ज्यांच्या बापाने जन्म काढला, त्या माणसाने दिवसाचा रोख भाव ठरवून घेतला, आणि तो कमी नव्हता. त्याशिवाय प्रत्येक पिशवीमागे एक ठरलेला हिस्सा. नातवाने तो कागदावर लिहून घेतला. कारखान्यात काम करणारा मुलगा, त्याला कागदाची किंमत ठाऊक.

मग नावाची गोष्ट निघाली. तिच्या प्रत्येक वस्तूबरोबर एक लहानसं कार्ड असतं. त्यावर वस्तूचं पुराण. मोटेच्या पिशवीसाठी तिने आधी लिहिलं होतं: 'माझ्या आजोबांच्या विहिरीवरची मोट.' ते तिने स्वतःच खोडलं होतं. त्यांना विचारलं, तुमचं नाव घालू? ते म्हणाले, "माजं नको. मी मोट पुरी कवा शिवलीच न्हाई, बापाच्या हाताखाली वादी वढली. बापाचं घाला. पुरं घाला." म्हणून कार्डावर आता त्यांच्या वडिलांचं नाव आहे, वडिलांच्या नावासह आणि आडनावासह. गावात उभ्या हयातीत त्यांना त्या पूर्ण नावाने कुणी हाक मारली नव्हती. ते नाव मी इथे छापत नाही. ते पिशवीचं आहे.

पहिली पिशवी तयार झाली ती घेऊन आम्ही दोघी माघात गेलो. म्हशीचं, सालीत आणि हिरड्यात कमावलेलं मधासारख्या रंगाचं कातडं. तोंडाला पितळी कडी. खालून निघालेली सोंड दुमडून वर येते आणि कडीत अडकते, तेच तिचं झाकण. तिरके टाके वादीचे. फार सुरेख झाली होती. आत्या म्हणून म्हणत नाही. गृहस्थांनी ती फिरवून फिरवून पाहिली, सोंड सोडली, दुमडली, पुन्हा सोडली. मग आम्हांला काही समजायच्या आत मोरीत गेले आणि तिला नळाखाली धरलं.

"आजोबा! अहो, डाग पडतील!" पुतणी ओरडली.

त्यांनी लक्ष दिलं नाही. पिशवी काठोकाठ भरली, सोंड कडीत अडकवली, आणि दाराच्या खुंटीला टांगून ते खाली उकिडवे बसले. आम्हीही बसलो. पाच मिनिटं गेली. सोंडेच्या मुळाशी एक थेंब जमला, लांबला आणि पडला. मग दुसरा. वादी फुगत होती. तिसरा थेंब जमला तो तिथेच राहिला.

"दोन टाके उसव," ते म्हणाले, आणि कुठले ते बोट लावून दाखवलं. "ओली असतानाच परत घाल. मंग सावलीत वाळव, उन्हात नको. करंजेल हाय का तुज्याकडं?"

तिच्याकडे नव्हतं. त्यांनी आत जाऊन बाटली आणली.